पोळीभाजीचा डबा आणि कलम ३७

कर्वेनगरहून एक पत्र आलंय. नाव छापू नका म्हणते, नाही छापत. थोडं कमी करून देतो, कारण मूळ पत्र चार पानी आहे आणि त्यातलं दीड पान दिरांबद्दल आहे.

"काका, मी तीन वर्षं घरूनच काम करते, वेबसाइटचं कोडिंग, फ्रीलान्स. एक क्लायंट पुण्यातला, एक बाहेरचा. २०२५-२६ मध्ये दोन्ही मिळून १४ लाख ४० हजार आले. पुण्याच्या क्लायंटने त्याच्या ९ लाखांवर १० टक्के टीडीएस कापलाय. दोघंही कामात असतो म्हणून डबा लावलाय, माझ्या एकटीच्या डब्याचे महिन्याला ३,२००, शिवाय रात्री उशिरा कॉल असला की बाहेरून मागवते ते अडीचेक हजार. ऑफिसला जायचे तेव्हा हा खर्च नव्हता, सासूबाई डबा द्यायच्या. म्हणजे हा खर्च कामामुळेच आहे ना? न्यू जर्सीतला मावसभाऊ म्हणतो तिकडे जेवण टॅक्समधून वजा होतं. मोठे दीर म्हणतात सगळी बिलं लाव, कोण बघतंय. मी वर्षभराची बिलं बिस्किटाच्या डब्यात जमवलीत, पण काही पुसली गेलीत, म्हणून रिटर्न अजून भरला नाही. मिस्टर हिंजवडीत आयटीत आहेत, आठवड्यातले तीन दिवस घरून, त्यांचं काही होईल का तेही सांगा. आणि डबेवाल्या काकूंकडून जीएसटीचं बिल मागू का?"

काका म्हटलंयस म्हणून अगंतुगंच करतो. आणि उत्तर आधीच सांगून टाकतो, नाही होत. डबा नाही, रात्रीची बिर्याणी नाही, कॉलच्या मध्ये प्यायलेला चहा पण नाही. पण थांब, पत्र मिटू नकोस, कारण तू ज्या टॅक्ससाठी ही बिलं जमवत बसलीयस तो टॅक्स तुला लागतो का हे तू बघितलेलंच नाहीयेस, त्याच्यावर येतो.

आधी डब्याचं. प्राप्तिकर कायद्यात कलम ३७ आहे, त्याचा अर्थ असा की जो खर्च संपूर्णपणे आणि फक्त धंद्या-व्यवसायासाठी केलाय तो वजा होतो, आणि जो वैयक्तिक आहे तो होत नाही. भांडण सगळं त्या "फक्त" शब्दावर आहे. तुझं म्हणणं मला कळतंय, काम नसतं तर तू स्वयंपाक केला असतास, काम आहे म्हणून डबा लावलास, म्हणजे डबा कामासाठी. ऐकायला बरोबर वाटतं. माझ्याकडे दर सीझनला दोन-तीन जण तरी हाच हिशोब घेऊन येतात, त्यात एक जण तर जिमची फी पण घेऊन आला होता, पाठ दुखली तर कोडिंग कसं करणार म्हणून.

ह्याच्यावर इंग्लंडमध्ये १९७५ साली एक खटला झाला, मला फार आवडतो. एक सुतार होता, स्वतःचा धंदा करणारा, आज इथे काम उद्या तिथे. घरी जेवला तर त्याला १० पेन्स खर्च यायचा, साइटवर असला की बाहेर खावं लागायचं, ४० पेन्स. तो काही सगळे ४० मागत नव्हता बरं का, प्रामाणिक माणूस, म्हणाला वरचे ३० पेन्स तरी कामामुळेच गेले ना, तेवढे द्या. तुझाच मुद्दा, पन्नास वर्षं आधी. कोर्टाने ते ३० पण दिले नाहीत. न्यायाधीशांचं म्हणणं साधारण असं की माणूस जगायला जेवतो, काम करायला जेवत नाही, आणि एकाच घासाचे दोन भाग करून हा पोटाचा आणि हा धंद्याचा असं म्हणता येत नाही. इंग्लंडचा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही हे खरं, पण "संपूर्णपणे आणि फक्त" हे शब्द आपण तिकडूनच उचललेत त्यामुळे विचार तोच लागतो. आणि त्या सुताराला निदान साइटवर जावं तरी लागत होतं, तुझं स्वयंपाकघर तुझ्या टेबलापासून सात पावलांवर आहे.

आता तू म्हणशील मग खोलीच्या भाड्याचा भाग कसा चालतो, लाइटबिलाचा कसा चालतो, ते पण घरचंच आहे की. चालतो, कारण तिथे भाग पाडता येतो. टू बीएचके आहे, एक खोली कामाला दिलीय, तिथे टेबल, मॉनिटर, दिवसभर तेच चालतं, तर भाड्याचा तेवढा हिस्सा धंद्याचा. कलम ३८ त्यासाठीच आहे, थोडं घर थोडं काम असेल तर प्रमाणात घ्या. नेट, लाइट तसंच. लॅपटॉप तर सरळच, कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा (वस्तू झिजते म्हणून दरवर्षी वजा होणारा किमतीचा भाग), टेबल-खुर्चीवर १० टक्के. खोली मोजता येते, पोट नाही मोजता येत.

जेवण कधीच चालत नाही असंही नाही हां. तू कामासाठी मुंबईला गेलीस, दिवसभर तिकडे मीटिंग, दुपारी जेवलीस, तो प्रवासखर्चातला भाग. क्लायंटला जेवायला नेलंस, प्रोजेक्टबद्दल बोलणं झालं, ते धंद्याचं. उद्या हाताखाली एक मुलगी ठेवलीस आणि तिचा चहा-जेवण तू केलंस, ते स्टाफचा खर्च. पण हे सगळं प्रत्यक्ष खर्चाचे हिशोब ठेवणाऱ्यांना. तुझ्या बाबतीत त्याचीही गरज नाही.

आणि क्लायंटचं जेवण म्हणताना जरा बघत जा. तू पाठवलेल्या फोटोंमध्ये एक मिसळीचं बिल आहे, मी मोठं करून बघितलं. रविवार, सकाळी ८ वाजून ४० मिनिटं, तीन मिसळ, त्यातली एक बिनतिखट, दोन एक्स्ट्रा पाव, एक ताक. वर निळ्या पेनने लिहिलंय "क्लायंट मीटिंग". अक्षर तुझं नाही, पत्रातलं वेगळं आहे. पुण्यात रविवारी सकाळी मिसळीच्या रांगेत क्लायंट भेटू शकतो हे मी मान्य करतो, अर्धं पुणं तिथेच असतं, पण बिनतिखट खाणारा तुझा क्लायंट वय वर्षं पाच असून सीनियर केजीत आहे असा माझा अंदाज आहे.

दिरांचं "कोण बघतंय" हे मला माहितीय, ते प्रत्येक घरात एक असतात. बघतात. रोज नाही, सगळ्यांचं नाही, पण बघतात तेव्हा मागचं पण काढतात. उत्पन्न कमी दाखवलं तर त्यावरच्या टॅक्सच्या ५० टक्के दंड, आणि चुकीची माहिती देऊन कमी दाखवलं तर २०० टक्के, कलम २७०ए. पुरावा नसलेला खर्च दाखवणं हे त्या दुसऱ्या प्रकारात नाव घेऊन लिहिलंय. म्हणजे निळ्या पेनचं ते वाक्य तुला वाचवणार नव्हतं, उलट तेच तुझ्याविरुद्ध गेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. तुला कलम ४४एडीए माहितीय का? पत्रात कुठेच नाहीये म्हणून विचारतो. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, इंजिनियर, सीए अशा ठरावीक व्यवसायांना ही सोय आहे आणि आयटी त्यात येतं. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल तर, आणि रोखीत आलेली रक्कम ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, निम्मी जमा हेच उत्पन्न धरायचं. उरलेला निम्मा खर्च. बिलं नकोत, हिशोबाच्या वह्या नकोत, कोणी विचारत नाही की तो निम्मा कशावर गेला. लॅपटॉप त्यात, नेट त्यात, खोली त्यात, आणि तुला बरं वाटणार असेल तर डबा पण त्यातच आहे असं समज, सरकारने न बघताच देऊन टाकलाय. पण त्याच्यावर आणखी वेगळं काही वजा करता येत नाही, इथेच लोक गफलत करतात, निम्मं पण घेतात आणि वर लॅपटॉपचा घसारा पण लावतात. तसं नाही.

तुझे १४ लाख ४० हजार, निम्मे ७ लाख २० हजार. एफडीचं व्याज वगैरे धर १८ हजार. झाले ७ लाख ३८ हजार. नवीन करप्रणालीत २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंत काही नाही, पुढच्या ३ लाख ३८ हजारांवर ५ टक्के म्हणजे १६,९०० रुपये. आणि १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलं की कलम ८७एची सूट मिळते, ६० हजारांपर्यंतचा टॅक्स माफ. म्हणजे तुझा टॅक्स शून्य. शेअर-म्युच्युअल फंड विकून नफा झाला असेल तर तेवढं वेगळं बघावं लागेल, पत्रात तसं काही दिसत नाही.

शून्य. आणि तू वर्षभर बिस्किटाचा डबा भरतेयस.

बरं समज, तू हट्टाने म्हणालीस की नाही काका, मला ४४एडीए नको, खराखुरा खर्चच दाखवायचाय. दाखव. लॅपटॉप ८५ हजारांचा असेल तर घसारा ३४ हजार, सॉफ्टवेअरची सबस्क्रिप्शनं २४ हजार, भाडं २४ हजार असेल तर एका खोलीचा चौथा हिस्सा वर्षाचे ७२ हजार, नेट आणि लाइटचा भाग १५ हजार. झाले १ लाख ४५ हजार. उरलं १२ लाख ९५ हजार, व्याज धरून १३ लाख १३ हजार, त्यावर सेस, म्हणजे टॅक्सवरचा उपकर, धरून टॅक्स साधारण ८० हजार. इकडे शून्य आणि तिकडे ८०, तुझं डब्याचं आणि बाहेरून मागवण्याचं वर्षाचं बिल सगळं मिळून ६८ हजार. घरी बसून कोडिंग करणाऱ्या माणसाचा खरा खर्च जमेच्या निम्मा कधी होत नाही गं, तो होतो दवाखाना चालवणाऱ्याचा, चार माणसं ठेवणाऱ्याचा. त्यांनी निम्म्यापेक्षा कमी नफा दाखवायचा असेल तर वह्या ठेवायच्या आणि ऑडिट करून घ्यायचं, तो वेगळा खेळ.

आता जे खरं महत्त्वाचं आहे आणि जे तू पत्रात एका ओळीत उरकलंयस. तुझे ९० हजार टीडीएस कापलेत, म्हणजे पैसे तुझ्या हातात यायच्या आधीच टॅक्स म्हणून भरलेत. टॅक्स शून्य असेल तर ते सगळे ९० हजार तुला परत मिळतात, पण रिटर्न भरला तरच, घरबसल्या कोणी आणून देत नाही. आणि तू म्हणतेस बिलं पुसली गेली म्हणून रिटर्न थांबवलाय! डब्याच्या ३,२०० साठी ९० हजार अडकवून ठेवलेत. फॉर्म २६एएस आणि एआयएस (इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरचे तुझ्या कापलेल्या टॅक्सचे आणि उत्पन्नाचे उतारे) उघडून बघ, कापलेले पैसे तुझ्या पॅनवर दिसतायत का, नसतील तर आधी क्लायंटच्या अकाउंट्सवाल्याला फोन कर. मग आयटीआर-४, म्हणजे ४४एडीएवाल्यांचा रिटर्नचा फॉर्म, भर. तारीख चुकली तरी ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतो, ५ हजारांपर्यंत लेट फी बसते, बसू दे. त्यानंतर मात्र अपडेटेड रिटर्न असतो आणि त्यात रिफंड मागता येत नाही. मागच्या दोन वर्षांचं काय केलंस ते लिहिलं नाहीयेस, तेही टीडीएस कापून घेऊन तसंच सोडलं असशील तर मला नको सांगूस, वाईट वाटेल.

हे सगळं २०२५-२६ चं, जुन्याच १९६१ च्या कायद्याखाली. १ एप्रिल २०२६ पासून नवीन प्राप्तिकर कायदा लागू झालाय त्यामुळे पुढच्या वर्षी कलमांचे नंबर वेगळे दिसतील, ४४एडीए शोधत बसू नकोस.

मिस्टरांचं पटकन, तेही २०२५-२६ चंच. ते पगारदार, त्यांना कलम ३७ लागूच नाही. पगारातून स्वतःचा खरा खर्च वजा करायची सोयच नाहीये आपल्याकडे, घरून काम करा नाहीतर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून करा. स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट वजावट, मिळतं, नवीन प्रणालीत ७५ हजार, जुनीत ५० हजार, त्यातच सगळं आलं. कंपनीचं मील कार्ड असेल तर एका जेवणाला ५० रुपये या हिशोबाने दोन जेवणं, महिन्याचे २२ दिवस, २,२०० रुपये, वर्षाचे २६,४०० करमुक्त, पण ते फक्त जुन्या प्रणालीत. नवीन प्रणाली घेतली की कार्डावरचे पैसे पगारासारखेच धरले जातात. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असतील तर कार्डाने सेस धरून वाचतात ८,२३७ रुपये, तेवढ्यासाठी जुनी प्रणाली घेण्यात अर्थ नाही, होम लोन किंवा घरभाडं मोठं असेल तरच त्या गणिताकडे बघायला सांग. आणि ५० रुपयांत पुण्यात काय जेवण येतं ते मला विचारू नकोस. एक चांगलं आहे, कंपनीने घरी वापरायला दिलेल्या लॅपटॉपवर टॅक्स नसतो, तेवढ्यावर समाधान मानायला सांग.

मावसभाऊ खोटं बोलत नाहीये, अर्धं बोलतोय. अमेरिकेत धंदा करणाऱ्याला धंद्याच्या जेवणाचा निम्मा खर्च वजा मिळतो, म्हणजे क्लायंटबरोबरचं किंवा कामाच्या प्रवासातलं. आपल्याच टेबलावर एकट्याने खाल्लेलं सँडविच तिकडे पण चालत नाही. आणि पगारदारांना तर २०१८ पासून घरून काम केल्याचं केंद्राच्या टॅक्समध्ये काहीच वजा मिळत नाही. पुढच्या वेळी व्हिडिओ कॉलवर विचार त्याला, नोकरी करतो का धंदा, आणि कोणाबरोबर जेवतो.

राहिल्या डबेवाल्या काकू. त्यांच्याकडून जीएसटीचं बिल मागू नकोस. एक तर तुला त्याचा उपयोग नाही, तुझी जमा २० लाखांच्या आत आहे त्यामुळे तुलाच जीएसटी रजिस्ट्रेशन लागत नाही, आणि उद्या लागलं तरी खाण्यापिण्यावरचा जीएसटी परत मिळत नाही, त्या कायद्याने तर कलम १७(५) मध्ये जेवणाचं नाव घेऊन त्याला बाहेर काढलंय. दुसरं म्हणजे काकूंची उलाढाल पण २० लाखांच्या आतच असेल, त्यांच्याकडे नंबर नसेल, आणि नंबर नसताना त्यांना बिलावर जीएसटी लावताच येत नाही. तू बिल मागितलंस की त्या बिचाऱ्या घाबरून कोणाला तरी विचारायला जातील, तो कोणीतरी त्यांना रजिस्ट्रेशन करायला लावेल आणि पुढच्या महिन्यात तुझा डबा ३,६०० होईल. जीपेवर पैसे देतेस तेवढं पुरे. बिस्किटाच्या डब्यातलं लॅपटॉपचं बिल मात्र काढून ठेव, वॉरंटीला लागेल, बाकीचं रद्दीत दे.

आणि मिसळ कुठली ते कळव, बिलावरचं नाव पुसलं गेलंय.